धवलारणीचा पाय

कामोठ्याच्या बांधावर, उघाडीपाशी, एक करंजाचं झाड होतं. भरतीचं पाणी अडवायची लाकडी दारं तिथं होती, आणि गावची वस्ती तिथून एका हाकेवर संपत होती. दर बुधवारी इनॉक आपटेकर पनवेलहून सायकल मारत यायचा आणि त्या करंजाखाली आपली पत्र्याची पेटी उतरवायचा. ती जागा गावानेच त्याला दाखवली होती. गावात येऊ नका, असं कोणी म्हणालं नव्हतं. तिथं सावली चांगली आहे, असं म्हणाले होते.

त्याच्याकडे रगतपितीचे, म्हणजे महारोगाचे, सात पेशंट होते. इनॉक डॉक्टर नव्हता. पनवेलच्या दवाखान्यात डॉक्टर तपासायचे, गोळ्या लिहून द्यायचे. त्या गोळ्या पोटात जातात की चुलीत, ते बघणं इनॉकचं काम. दुसरं काम पायांचं. ज्या पायाला काटा टोचलेला कळत नाही, निखारा लागलेला कळत नाही, तो पाय सांभाळायचा कसा, हे तो एकेकाला शिकवायचा. म्हणून पोरंसोरं त्याला पायवाला म्हणत. म्हातारी माणसं तेली म्हणत, कारण त्याचा आजा आपटा गावात तेलाचा घाणा चालवायचा आणि यहुदी म्हणून शनिवारी बंद ठेवायचा, हे त्यांना अजून आठवत होतं.

सखूबाई नेहमी सगळ्यांच्या शेवटी यायची. माघातल्या त्या बुधवारीही बाकीचे गेल्यावर आली. दगडावर टेकली, चिंधी सोडली आणि उजवा पाय त्याच्यापुढे धरला.

"बघा. हासतंय अजून."

अंगठ्याखाली सुपारीएवढं भोक होतं, कडा पांढऱ्या, फुगलेल्या. इनॉकने पाय मांडीवर घेतला. वासाची त्याला सवय होती.

"औषध चुकलं?"

"एक गोळी चुकली नाय. तुमचाच डागतर बोलला ना, रोग गेला, आता कोनाला होनार नाय?"

"रोग गेलाय, सखूबाई. पायातली जाण परत आली नाही. आणि तुम्ही रोज मिठाच्या आगरात उतरता."

"आगरात नाय उतरू तं काय आभाळात उतरू?"

इनॉक हसला. सखूबाई हसली नाही.

"गोदूचं लगीन ठरलं," ती म्हणाली. गोदू म्हणजे तिच्या थोरल्या दिराची, बळीरामची, मुलगी. सखूबाईला मूल नव्हतं. गोदू तिच्या मांडीवर वाढली होती. "अखजी झाली का पाचव्या दिशी हळद हाय."

"अक्षय्य तृतीयेनंतर? मग चांगलं झालं की."

"मोठं भावोजी बोललं, पायाला चिंधी हाय तंवर मांडवात नको. उरनकडची सत्यवती सांगितलीय धवल्यांना."

आता इनॉकला कळलं. आगऱ्यांच्या लग्नात भटाच्या आधी धवलारीण लागते. मांडवाच्या पहिल्या मेढीपासून हळद उतरेपर्यंत एकेका कामाचं गाणं, धवला, ती म्हणते. सखूबाई पंचवीस वर्षं धवलारीण होती. कामोठ्यात आज जी जोडपी नांदत होती, त्यांतल्या बहुतेकांना तिच्याच तोंडून हळद लागली होती. चार वर्षांपूर्वी तिच्या पाठीवर चट्टे दिसले आणि बोलावणी थांबली. कोणी भांडलं नाही. नुसतं बोलावलं नाही.

"पाय बंद करून द्या, इनॉकभाऊ," ती म्हणाली. "दुसरं मना काय नको."

इनॉकने बोटांवर आठवडे मोजले. अकरा भरले.

"मी नाही बंद करणार. तुम्ही करायचा. सांगेन ते करणार?"

"सांगा तं खरं."

"सहा आठवडे बसायचं. हा पाय जमिनीला लावायचा नाही."

सखूबाईने पाय ओढून घेतला आणि चिंधी गुंडाळू लागली. "माघात? आगर भरलाय नं मी बसू? हे तुमी त्यांनाच सांगा."

*

तो तिच्या नवऱ्याला, जगनला, सांगायला मिठागरावर गेला. खाली चिखलाच्या वाफ्यांत पाणी चकाकत होतं. जगन लांब दांड्याच्या फळीने मीठ कडेला ओढत होता. उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने त्याच्या पायांची कातडी वाळल्या मासळीसारखी झाली होती. इथली रीत ठरलेली होती. गडी मीठ ओढतो, बाई टोपली डोक्यावर घेऊन राशीवर टाकते. बाई नसली तर मीठ वाफ्यातच पडून राहतं आणि मुकादम तो वाफा दुसऱ्या जोडप्याला देतो.

जगनने सगळं ऐकून घेतलं. फळी थांबवली नाही.

"मास्तर, टोपल्या कोन नेल?"

"दुसरी बाई मिळणार नाही?"

"आमच्या वाफ्यात?" जगन एवढंच म्हणाला.

शेजारच्या वाफ्यातला काशिराम कान देऊन होता. "जगन, लुगडं नेस नं तूच ने टोपली," त्याने ओरडून सांगितलं, आणि चार वाफ्यांतली माणसं हसली.

जगनने फळी खाली ठेवली. इनॉकला वाटलं, आता हा काशिरामच्या अंगावर जाणार. जगन बांधावर गेला, सखूबाईची टोपली उचलली, मीठ भरलं, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि टोपली चढवली. त्याला सवय नव्हती. टोपली वाकडी झाली, मिठाचं पाणी त्याच्या डोळ्यांत उतरलं. तो तसाच राशीपर्यंत गेला, रिकामी करून परत आला.

"लुगड्याबगर बी जाते रं," तो काशिरामला म्हणाला. मग इनॉकला म्हणाला, "बसवा तिला."

पहिल्या आठवड्यात त्याची मान आखडली. दुसऱ्या आठवड्यात काशिरामचं हसणं संपलं. पण जगन पहाटे सगळ्यांच्या आधी जायचा आणि संध्याकाळी सगळ्यांच्या नंतर यायचा, ते शेवटपर्यंत चाललं.

*

सखूबाईला बसवणं मिठाच्या टोपलीपेक्षा जड होतं. तिला करंजापर्यंत चालू द्यायचं नव्हतं, म्हणून पहिल्या बुधवारी इनॉक तिच्या घरी गेला, तर ती लंगडत पाणी भरत होती. त्याने हंडा तिच्या हातातून घेतला, स्वतः भरून आणला. आपलं पाणी एका परक्या पुरुषाने भरलेलं आळीने बघितलं, याची सखूबाईला एवढी लाज वाटली की ती पुन्हा विहिरीवर गेली नाही. शेजारची रंभा नाक मुरडत का होईना, एक हंडा दारात ठेवू लागली.

मग इनॉकने पाठ दिला. साध्या पाण्यात पाय बुडवायचा. आगराच्या खाऱ्या पाण्यात नाही. कातडी मऊ झाली की कडेचं कडक कातडं वजरीच्या दगडाने हलकं घासायचं. मग खोबरेल चोळायचं, स्वच्छ फडकं बांधायचं. आणि सगळ्यांत मोठं काम, दिवा लावल्यावर दोन्ही पाय दिव्यापुढे घेऊन बघायचे. तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या.

"बघून काय व्हनार?"

"तुमच्या पायाला तोंड नाही आता. दुखलं तर तो सांगणार नाही. म्हणून डोळ्यांनी विचारायचं."

सखूबाईने मान हलवली. हे तिला पटलं. "पाय बुडवायचा किती येळ?"

इनॉकच्या मनगटावर दवाखान्याचं घड्याळ होतं. तिच्या घरात घड्याळ कुठलं? मागे दुसऱ्या एका बाईला त्याने 'भात शिजेपर्यंत' सांगितलं होतं आणि तिने भात उतरवायला पाय ओला तसाच चुलीपाशी नेला होता.

"हळद दळायचा धवला केवढा असतो?" त्याने विचारलं.

सखूबाईने त्याच्याकडे बघितलं. "चार वर्सं म्हटला नाय."

"विसरलात?"

"धवला इसरते कोन!"

"मग म्हणा. मी घड्याळ बघतो."

तिने पाय पाण्यात सोडला. मग तिने सुरू केलं. आवाज आधी फाटका निघाला, घशात खरखर होती. तिसऱ्या कडव्याला तो बसला. इनॉक घड्याळ बघायचं विसरला आणि मध्येच आठवून बघितलं. धवला संपला तेव्हा अठरा मिनिटं झाली होती.

"बरोबर," तो म्हणाला. "एवढाच वेळ. रोज."

कुडाच्या भिंतीपलीकडे रंभाचं भांडी घासणं थांबलं होतं, ते दोघांच्याही लक्षात आलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी सखूबाईच्या घरातून धवला ऐकू येऊ लागला. बुधवारी इनॉक फडकं बदलायचा तेव्हा ती बोलायची. धवल्यांचंच बोलायची. हळदीच्या दिवशी घरच्या गेलेल्या माणसांना नावं घेऊन बोलवायचं असतं. आजा, आजी, पणजी, बाळंतपणात गेलेली सून, सगळ्यांना. धवलारीण नाव घेते आणि घरच्या कोणीतरी 'आला', 'आली' म्हणून जाब द्यायचा. जाब आल्याशिवाय पुढचं नाव घेता येत नाही.

"आनि कोनी जाब नाय दिला तं?" इनॉकने तिच्याच सुरात विचारलं.

"तं ते मानूस भाएरच उभं रातं, भाऊ." तिने फडक्याची गाठ बघितली. "तुमच्या घरधनीनचं नाव काय हो?"

इनॉकचे हात थांबले. दोन वर्षांपूर्वी विषमज्वराने नऊ दिवसांत ती गेली, एवढं गावाला माहीत होतं. नाव कोणी विचारलं नव्हतं. पनवेलच्या आळीत 'आपटेकरांची' एवढंच म्हणत.

"मझल," तो म्हणाला.

"मझल," सखूबाईने म्हणून बघितलं, आणि पुढे काही विचारलं नाही.

*

शिमग्यापर्यंत भोक तांदळाएवढं झालं. इनॉकला आनंद झाला, आणि आनंदात माणूस घाई करतो. त्याने पनवेलच्या बाजारात एका मोच्याकडून चपला करून घेतल्या. ट्रकच्या टायरचा तळ, वर जाड चामडं, चांगल्या दणकट. बुधवारी त्या सखूबाईच्या पायात घातल्या आणि म्हणाला, "आता थोडं चाला. घरातल्या घरात."

दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, दवाखान्याच्या फाटकात जगन उभा. कामोठ्याहून चालत आलेला. त्याच्या हातात एक चप्पल होती आणि एक खिळा.

"तिनं धाडलीय. बोलली, खिळा तुमचा, तुमाला परत."

टायर आणि चामडं एकत्र धरायला मोच्याने खिळे मारले होते. एक खिळा चालता चालता वर आला होता. सखूबाई दुपारभर त्याच्यावर चालली होती. तिला काही कळलं नाही. कळणार कसं?

बधिर पायाच्या चपलेत खिळा नको, हे त्यानेच बाकीच्या सहा जणांना शिकवलं होतं. आणि स्वतः चपलेत हात घालून बघितलं नव्हतं.

"पाय केवढा फाटला?"

"नाय फाटला जास्ती. दिवा लावला नं तिनं पाय बघितला. रगत दिसलं. खिळा उपटला, पाय धुतला, बसली." जगन खाली बघत होता. मग त्याच्या तोंडावर हसू आलं. "नं तुमाला अशा शिव्या घातल्या, मास्तर, आळीभर ऐकल्या."

इनॉक सायकल घेऊन त्याच पावली निघाला. सखूबाई पाय वर करून बसली होती. टाचेला एक लाल टिंब होतं, बाकी काही नाही. जुनं भोक तसंच होतं, वाढलं नव्हतं.

"चुकलं माझं," तो उंबऱ्यातूनच म्हणाला.

"चुकलंच. आत तं या." तिने पाय दिव्याच्या बाजूला वळवला. "पन मी बघितला का नाय? तुमी नव्हता, ते बी नव्हतं घरात. एकलीनं बघितला."

तिच्या आवाजात राग नव्हता. इनॉकला कळलं, आज त्याची चूक झाली होती आणि तिचा पाठ पुरा झाला होता.

घरी आल्यावर त्याने कपाट उघडलं. मझलची लुगडी तशीच घडी घालून होती. त्याने हात लावला नव्हता, कोणाला देऊ दिली नव्हती. वरचं नऊवारी लुगडं निळं, सुती, धुऊन धुऊन मऊ झालेलं. त्याने कात्री लावली. सायकलच्या ट्यूबचे तुकडे एकावर एक ठेवून त्याने मऊ तळ केला, खाली टायरचा पातळ पापुद्रा, आणि सगळं मेणाच्या दोऱ्याने शिवलं. पट्टे लुगड्याचे, चौपदरी. कुठे खिळा नाही, कुठे चामडं नाही. दोन संध्याकाळी लागल्या. मधली संध्याकाळ शुक्रवारची होती. त्या संध्याकाळी त्याने शिवण बाजूला ठेवली आणि मझल लावायची तसा काचेच्या पेल्यात शब्बाथचा तेलाचा दिवा लावला. दिव्यापुढे त्याने स्वतःचे दोन्ही हात धरून बघितले. सुईने बोटं भोसकली होती. त्याला सगळी दुखत होती.

चैत्राच्या दुसऱ्या बुधवारी सखूबाईचा पाय बंद झाला. इनॉकने अंगठ्याखाली दाबून बघितलं. कातडी गुलाबी होती, कोरडी होती. त्याने फडकं पेटीत टाकलं आणि नवं बांधलं नाही. पेटीतून निळ्या पट्ट्यांच्या चपला काढल्या, आत हात फिरवून बघितला आणि तिच्या पायात घातल्या.

*

गोदूची हळद शुक्रवारी होती. इनॉकला शब्बाथच्या दिवेलागणीच्या आत पनवेलला पोचायचं असतं, म्हणून तो दुपारीच आला. करंजापाशी थांबला, मग सायकल हातात धरून मांडवाकडे निघाला. त्याला कोणी अडवलं नाही.

बळीरामच्या अंगणात मांडव भरला होता. बळीराम नवं धोतर नेसून मेढीपाशी उभा होता. आत पाटावर उरणची सत्यवती बसली होती. बाई नावाजलेली, आवाज खणखणीत. हळद दळून झाली होती, आता घरच्या गेलेल्या माणसांना बोलवायचं होतं. सखूबाई मांडवाच्या बाहेर, बायकांच्या मागे उभी होती. जगन तिच्या शेजारी होता.

सत्यवतीने बळीरामच्या बापाचं नाव घेतलं. "आला," बळीराम म्हणाला. आईचं घेतलं. "आली." मग ती थांबली.

"आजीचं नाव सांगा."

बळीरामने तोंड उघडलं आणि मिटलं. जगनकडे बघितलं. जगनने मान हलवली. पुरुषांनी आजीला आयाव म्हणूनच हाक मारलेली. नाव सासूने सुनेला सांगितलं होतं, धवल्यात घ्यायला. थोरली सून, म्हणजे बळीरामची बायको, गोदूच्या जन्मानंतर वर्षभरात गेली होती.

"सांगा लवकर, दादा. हळद सुकतेय," सत्यवती म्हणाली.

मांडवात कुजबुज झाली. कोणीतरी हसलं. बळीरामच्या कपाळावर घाम आला. गोदू पाटावर बसली होती, तिने मान वर केली आणि सरळ म्हणाली, "काकीला ठावं हाय."

सगळ्या बायका मागे वळल्या. सखूबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"यमी," ती म्हणाली. "यमीची सासू ठकी. ठकीची जाव भागू, खाडीत गेलेली. गोदूची आय, सत्तू."

"अगो, मंग भाएर काय करतेस?" सत्यवती म्हणाली. "ये, बस इतं."

"पाय," बळीराम म्हणाला. आवाज बारीक होता, पण म्हणाला. "पायाचं ठरलंय आमचं. नं पायतान घालून मांडवात?"

सखूबाई थोरल्या दिरासमोर कधी उभी राहिली नव्हती. आता ती पुढे आली. चपला घालूनच आली, मांडवाच्या मेढीपाशी थांबली.

"भावोजींना सांगा," ती कोणाकडेच न बघता मोठ्याने म्हणाली, "याच्यात चामडं नाय, खिळा नाय. लुगड्याची हाईत. नं पाय बघायचा आसंल तं बघा म्हनावं."

तिने उजवी चप्पल काढली. बळीरामने मान वळवली. भावजयीचा तळवा बघायचा कसा? सत्यवती पाटावरून उठली, पुढे आली, खाली बसली. तिने सखूबाईचा पाय हातात घेतला, टाच वर केली, अंगठ्याखाली बोट फिरवलं. सगळ्यांनी बघितलं.

"माज्या पायाला भेगा हाईत," सत्यवती म्हणाली. "हिच्या नाय."

आणि तिने वाटीतली ओली हळद घेतली आणि सखूबाईच्या तळव्याला लावली, टाचेपासून बोटांपर्यंत.

पहिली हसली ती रंभा. मग बायकांनी एकच गलका केला. काशिराम मागून ओरडला, "जगन, टोपली ठेव आता खाली!" बळीरामने कोपऱ्यातला दुसरा पाट स्वतः उचलला, सत्यवतीच्या शेजारी मांडला आणि बाजूला झाला. सखूबाईने पिवळा पाय चपलेत घातला आणि आत जाऊन बसली.

मग ती म्हणू लागली. चार वर्षांचं साठलेलं होतं. सत्यवती मागून सूर धरत होती. यमी आली, ठकी आली, खाडीत गेलेली भागू आली. सत्तूचं नाव घेतलं तेव्हा गोदूनेच "आली" म्हटलं, रडत म्हटलं. मांडवातल्या म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या. इनॉकने उन्हाकडे बघितलं. उशीर होत होता. त्याने सायकल वळवली.

"आपट्याच्या तेल्यांची," सखूबाईचा आवाज आला, "मझल."

त्याचा पाय पायडलवरून खाली आला.

मांडव थांबला होता. सत्यवतीने सूर धरून ठेवला होता. सखूबाई पुढचं नाव घेत नव्हती. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही, समोरच्या हळदीकडे बघत होती, निळ्या पट्ट्यांतले दोन्ही पाय पाटापुढे जवळ घेऊन. बायकांनी वळून त्याच्याकडे बघितलं. मग पुरुषांनी बघितलं. ते थांबले होते.

इनॉकने घसा साफ केला.

"आली," तो म्हणाला.

"मोठ्यानं म्हना, भाऊ," मांडवातून रंभा म्हणाली.

"आली!"

आणि सखूबाईने पुढचं नाव घेतलं.